चोरीला गेलेले अकरा टक्के

१

चोरीला गेले होते अकरा टक्के. पेटी नाही, दागिना नाही. अकरा टक्के.

तीन महिन्यांपूर्वी सूर्यफुलाच्या दोनशे बिया मोजून बरणीत बंद केल्या, तेव्हा त्यांत एकोणपन्नास टक्के तेल होतं. मंगळवारी सकाळी नव्या वाणाला मान्यता देणाऱ्या समितीच्या पाच माणसांसमोर बरणी उघडली, बिया यंत्रात घातल्या, तर अडतीस. पुन्हा घातल्या, पुन्हा अडतीस. अडतीस टक्क्यांचं बियाणं कुठल्याही दुकानात मिळतं. एकोणपन्नासाचं सगळ्या जगात फक्त त्या बरणीत होतं, असं त्या बियाणे केंद्रातले लोक म्हणत. अर्थ उघड होता. कुणीतरी खऱ्या बिया काढून साध्या भरल्या होत्या.

मधल्या काळात बरणी दोनदा उघडली गेली होती, आतली ओल शोषणारी पुडी बदलायला. दोन्ही वेळा उघडणारी, पुन्हा सील लावणारी आणि सीलवर सही करणारी एकच होती, माझी भाची. तेलमोजणीच्या खोलीचं काम गेली चार वर्षं तिच्याकडे आहे. तेव्हा चोर ठरवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही.

शुक्रवारी सकाळी अक्काचा फोन आला. माझी बहीण सहसा रडत नाही, ओरडते. त्या दिवशी ती ओरडली नाही.

"ठमी तीन दिवस जेवली नाहीये," ती म्हणाली. "आज चार वाजता सही करते म्हणते. चोरी केली म्हणून. तू जा रे. तुझं ती ऐकते."

ठमी हे नाव मीच ठेवलेलं. तीन वर्षांची असताना एवढीशी आणि भारी हट्टी होती म्हणून. आता एकोणतीस वर्षांची आहे, उंची थोडी वाढली, हट्ट होता तेवढाच आहे.

मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. पारड्याखाली चुंबक चिकटवणारे, मापाला आतून मेणाचा थर देणारे, सगळे नग बघून झाले. त्यातून एक खोड लागली. आकडा कुणी सांगितला की मी आधी तो काढणाऱ्याचे हात बघतो. बियाण्याच्या त्या केंद्रात मला आत घेतलं ते मात्र या कर्तबगारीमुळे नाही. संचालकबाई सरळ म्हणाल्या, "सही करताना मुलीजवळ घरचं कुणीतरी असलेलं बरं."

"आणि तिने सही नाही केली तर?"

"तर चार वाजता पोलिसांत तक्रार. कबूल केलं तर फक्त नोकरी जाईल. त्याहून जास्त माझ्या हातात नाही हो."

ठमीच्या टेबलावर कागद पडला होता. मी उचलून वाचला. बिया मी बदलल्या, कुणाला दिल्या ते सांगणार नाही, दोष फक्त माझा. अक्षर तिचंच होतं. खाली सहीची जागा तेवढी रिकामी होती.

२

"घेतल्यास बिया?" मी विचारलं.

"नाही."

"मग हे काय खरडलंयस?"

ती काचेच्या नळ्या पुसत होती. स्वच्छ नळ्या परत पुसत होती. "मामा, तुम्ही उगाच आलात. आईला सांगा, मी संध्याकाळी घरी येते."

"आईला काय सांगायचं ते मी बघतो. तू मला सांग."

तेवढ्यात दार उघडलं आणि सर आले. ते बियाणं त्यांचं. नऊ हंगाम त्यांनी त्याच्यामागे घालवले होते. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं आणि एक चिमटा. महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. मला वाटलं आता आरडाओरडा होईल. मी बाह्या सावरून उभा राहिलो.

सर ठमीसमोर स्टुलावर बसले. "बाळ," ते म्हणाले, "कुणाला दिल्यास ते मी विचारत नाही. मला परत पन्नास आणून दे. पन्नासही नकोत, दहा दे. दहांतून मी पुन्हा उभं करीन."

त्या वयाला आणि उरलेल्या अकरा दिवसांत ते काय उभं करणार होते कोण जाणे. पण त्यांनी हात पुढे केला होता, तळवा वर करून. ठमी त्या हाताकडे बघत राहिली आणि एकदम रडायला लागली. सर उठून गेले. जाताना दार हळूच ओढून घेतलं.

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचाच राग आला.

"ठमे, त्यांना तरी सांग की तू घेतल्या नाहीस."

"सांगून काय होईल?" ती डोळे पुसत म्हणाली. "मग ते विचारतील, बिया गेल्या कुठे."

३

संशयाला जागा अजून दोन होत्या. पहिली जागा म्हणजे सरांच्या हाताखालचा शास्त्रज्ञ, ज्याला सगळे डेप्युटी म्हणत. तो पुढच्या महिन्यात एका मोठ्या बियाणे कंपनीत जाणार होता. ठमीने बिया त्यालाच दिल्या अशी कुजबुज होती.

"मला हवं असतं तर बिया कशाला चोरू?" तो वैतागून म्हणाला. "सरांनी मला स्वतःहून दिल्या असत्या. गेल्या वर्षी देतही होते. मीच घेतल्या नाहीत."

"का?"

"दुसऱ्याच्या कष्टावर नाव कशाला लावायचं?" तो हे जरा घाईने म्हणाला. मी मनात नोंद केली.

यंत्र बिघडलंय का, असं विचारलं तर म्हणाला, तेही बघून झालं. माहीत असलेल्या तेलाची नळी घालून तपासलं, यंत्र बरोबर. मग मला दाखवलं. मोठ्या चुंबकाच्या मधोमध एक भोक. बियांची नळी त्यात सोडायची. रेडिओलहरींचा धक्का दिला की बियांतले हायड्रोजनचे अणू डोलतात आणि त्यांचा बारीक सूर यंत्र टिपतं. जे अणू घट्ट भागात अडकलेले असतात ते लगेच गप्प होतात. पातळ भागातले बोलत राहतात. जेवढे बोलतात, तेवढं तेल.

"बी फोडावं लागत नाही, दळावं लागत नाही," डेप्युटी म्हणाला. "मोजलेलं बी उद्या पेरता येतं. सरांचं सगळं काम त्यावरच उभं आहे."

दुसरी जागा भांडारवाल्याची, कारण थंड खोलीची किल्ली त्याच्याकडे. जाडजूड गृहस्थ, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

"साहेब, किल्ली माझ्याकडे, चोरी माझ्या खोलीत, आणि पकडली पोरगी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच."

"म्हणजे चोर तुम्ही का?"

तो गडगडून हसला. "मला त्या बियांचं करायचंय काय? बरणी भरली तेव्हा मी साक्षीला होतो. दोनशे मोजल्या, त्यांत एक पोपटाने चोच मारलेली. म्हटलं ही काढून टाका, तर सर म्हणाले, असू दे, तीही माझीच. लेकरांगत जपतात हो. आणि लेकरं तशीच लाडावलेली. बाकीच्यांचं पीक वाळून खडखडीत होतं, तेव्हा सरांच्या तुकड्यात अजून हिरवं असतं. पहिल्यांदा दोन दिवस मागे होतं. आता तीन आठवडे मागे. सगळं एका दिवशी कापतात ना, म्हणून बरं दिसतं."

मी त्याच्या कपाटातून मूठभर साध्या बिया आणि एक ओला पंचा मागून घेतला.

"हे कशाला?" त्याने विचारलं.

"सवय," मी म्हणालो. घड्याळात सव्वा वाजला होता.

४

एक सांगायचं राहिलं. ठमीविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा वजनाचा होता. बरणीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: दोनशे बिया, चौदा ग्रॅम सहा दशांश. मंगळवारी त्याच बरणीतल्या दोनशे बिया बरोबर बारा ग्रॅम भरल्या. संचालकबाई म्हणाल्या, बिया हलक्या म्हणजे बिया दुसऱ्या. समितीनेही मान डोलावली.

वजनाचं नाव काढल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. मी बिया मागून घेतल्या, आधी तराजू समपातळीत आहे का बघितलं आणि स्वतः वजन केलं. बारा ग्रॅम. मग पांढऱ्या ताटलीत ओतून एक एक मोजल्या. मोजताना एकशे बाविसाव्या बीवर हात थांबला. ती मी भिंगाखाली धरली. मग काही न बोलता पुढे मोजत गेलो. दोनशे.

"झालं समाधान?" संचालकबाईंनी विचारलं.

"नोंदवही द्या," मी म्हणालो.

जाड वही होती. रकाने असे: तारीख, बियांची संख्या, वजन, वाळवण, तेल. इतरांच्या नमुन्यांपुढे वाळवणाच्या रकान्यात भट्टीचे तास लिहिलेले. यंत्राच्या वर भिंतीलाही नियम चिकटवला होता की बिया भट्टीत वाळवून, निववून, मगच मोजाव्यात. सरांच्या नमुन्यांपुढे तो रकाना मात्र कोरा. मी मागच्या वह्या काढायला लावल्या. नऊ हंगाम मागे गेलो. प्रत्येक वेळी कापणीच्या दिवशीच मोजणी, आणि प्रत्येक वेळी रकाना कोरा.

"सरांच्या बियांना भट्टी नाही," डेप्युटी खाली बघत म्हणाला. "निवडलेल्या झाडाच्या जेमतेम दोनशे बिया हाती लागतात. भट्टीत जीव गेला तर पेरणार काय? सरांचा तसा हुकूमच आहे."

"आणि एकदा मोजल्यावर परत मोजत नाही कुणी?"

"कशाला मोजायचं? मोजायचं, बरणीत ठेवायचं, हंगाम आला की पेरायचं. या वेळी समितीने हट्ट धरला म्हणून."

शेवटच्या पानावर ठमीच्या अक्षरात दोन नोंदी होत्या. पुडीतले खडे निळ्याचे गुलाबी झाले, पुडी बदलली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. कोरडे असले की ते खडे निळे असतात, ओल प्यायले की गुलाबी होतात. एवढं मलाही ठाऊक होतं.

मी वही मिटली. खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. चोर सापडला की निरीक्षकाला जरा बरं वाटतं. या वेळी मी वही जागेवर ठेवली आणि ठमीला शोधत निघालो.

५

ठमी नळ्या धुवायच्या मोरीपाशी उभी होती. मी दार लावून घेतलं.

"भाजीवाल्याला मी किती वेळा धरलं असेल?" मी म्हणालो. "जुडीवर पाणी मारतो, मग तोलतो. गिऱ्हाईक पाण्याचे पैसे देतं. ठमे, पोपटाची चोच लागलेली बी बरणीतच आहे. मी बघितली. बदली बिया भरणारा चोर तशी चोचलेली बी कुठून शोधून आणणार? म्हणजे बिया त्याच आहेत. कमी झालं ते पाणी. दोन ग्रॅम सहा दशांश, सगळं त्या दोन पुड्यांनी प्यायलं."

तिने नळ बंद केला.

"तुझ्या यंत्राला पातळ ते सगळं सारखंच ऐकू येतं. ओल्या बीतलं पाणीही ते तेलातच धरतं. एकोणपन्नास कधी नव्हतेच."

"मला मंगळवारीच कळलं," ती म्हणाली. "दुसरी नळी बाहेर काढताना."

मी बघतच राहिलो. "मग तीन दिवस तोंड शिवून का बसलीस?"

"मामा, चोरी झाली असेल तर बियाणं होतं." ती हळू, समजावून सांगितल्यासारखं बोलत होती, मीच लहान असल्यासारखं. "कुणीतरी नेलं, पण होतं. सरांनी ते तयार केलं होतं. हे त्यांना घेऊन जाता येईल. चोरी नसेल तर काय उरतं त्यांना? अकरा दिवस राहिलेत. अकरा दिवसांत माणूस नऊ वर्षं कशी परत आणणार?"

"आणि तुझं काय? उद्या तुला नळ्या धुवायलाही कुणी ठेवणार नाही. चोर म्हणून फिरशील जन्मभर. अक्काचं काय?"

"मी पहिल्या वर्षी विचारलं होतं त्यांना, भट्टी का नाही म्हणून. ते म्हणाले, या बियांना जप. मी जपल्या. परत विचारलं नाही. विचारायला हवं होतं ना? मग चूक माझीही आहेच. सही अगदीच खोटी नाही." तिने माझी बाही धरली. "मामा, तुम्ही बोलू नका. माझी शपथ आहे."

चाराला सोळा मिनिटं कमी होती. ती सव्वीस वर्षं माझ्याकडे हट्ट करत आली आणि मी बहुतेक पुरवले. मी बाही सोडवून घेतली.

६

चार वाजता यंत्राच्या खोलीत सगळे जमले. संचालकबाई, डेप्युटी, भांडारवाला, आणि स्टुलावर सर. ठमीने कागद पुढे ओढला, पेन उघडलं.

"थांब," मी म्हणालो. "आधी एक मोजणी करायची."

पावणेतीन तास ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवलेल्या बिया मी बाहेर काढल्या, वरून पुसून कोरड्या केल्या. "या भांडारातल्या साध्या. यांचं तेल किती?"

"अडतीसच," भांडारवाला म्हणाला.

ठमी यंत्राला हात लावेना. शेवटी डेप्युटीने बिया तोलल्या, नळीत भरल्या, नळी चुंबकात सोडली. पडद्यावर आकडा आला. तो डेप्युटीने मोठ्याने वाचला नाही. वाचायची गरजही नव्हती, सगळ्यांना दिसत होता. एकोणपन्नास पूर्णांक चार.

मग मी सगळं सांगितलं. चोचलेली बी ताटलीत काढून ठेवली, गुलाबी खडे, कोरे रकाने, दोन ग्रॅम सहा दशांश. बोलताना मी संचालकबाईंकडेच बघत होतो. सरांकडे बघायची छाती नव्हती.

"म्हणजे चोरी झालीच नाही," संचालकबाई म्हणाल्या.

"नाही."

"पण दर हंगामाला तेल वाढत होतं," सर पहिल्यांदाच बोलले. आवाज शांत होता. "चाळीस, एक्केचाळीस, त्रेचाळीस. मी सगळ्यात चांगलं झाड निवडत होतो. नुसती ओल असती तर आकडा वाढत कसा गेला?"

हा प्रश्न येऊ नये अशी माझी फार इच्छा होती. मी डेप्युटीकडे बघितलं. त्याने मान वळवली, तेव्हा कळलं की गेल्या वर्षी त्याने बिया का नाकारल्या. त्यालाही शंका होती आणि त्यानेही गप्प बसायचं ठरवलं होतं.

"सर, तुम्ही सगळं पीक एका दिवशी कापता," मी म्हणालो. "त्या दिवशी जे झाड पूर्ण वाळलेलं नसेल, त्याच्या बिया जास्त ओल्या. यंत्रात आकडा त्याचाच मोठा. तुम्ही तेच झाड पेरायला घेतलंत. पुढच्या हंगामात त्याच्या पोटची झाडं आणखी उशिरा पिकली. त्यांतूनही तुम्ही सगळ्यात मोठा आकडा निवडलात." मी थांबलो, पण अर्धवट सोडणं जास्त वाईट झालं असतं. "तुमचं पीक दोन दिवस मागे होतं ते तीन आठवडे मागे गेलं. नऊ हंगाम तुम्ही तेल नाही, उशीर निवडलात."

सर ताटलीतल्या त्या चोचलेल्या बीकडे बघत होते. मग त्यांनी ठमीकडे बघितलं.

"तुला माहीत होतं?"

"हो, सर."

"आणि तू सही करणार होतीस?"

सरांनी तिच्यापुढचा कागद घेतला, वाचला, घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग म्हणाले, "वह्या दे. सगळ्या."

तिने नऊ वह्या आणल्या. सरांनी खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या हंगामाचं पान उघडायला सांगितलं. वाळवणाच्या कोऱ्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'वाळवले नाही. माझ्या हुकमाने.' खाली सही केली, तारीख घातली. मग पुढची वही. अक्षर शेवटपर्यंत सरळ होतं. ठमी शेजारी उभी राहून पानं काढून देत होती आणि शाई वाळेपर्यंत पान धरून ठेवत होती. नवव्या सहीनंतर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"त्या मुलीची नोकरी राहील ना?" त्यांनी संचालकबाईंना विचारलं.

"राहील."

"मग झालं," म्हणाले, आणि उठताना त्यांना स्टुलाचा आधार घ्यावा लागला.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा पाच वाजून गेले होते. फाटकापासून बसच्या थांब्यापर्यंत ठमी माझ्या दोन पावलं मागे चालत होती. मी अक्काला फोन लावून सांगितलं की सगळं नीट झालं, पोरीला भूक लागली असेल. अक्का आता ओरडून रडायला लागली. मी फोन ठमीच्या हातात दिला. ती "हो आई, येते" एवढंच म्हणाली.

बस दिसायला लागल्यावर ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मला वाटलं, मामा, बरं झालं, असं काहीतरी म्हणेल.

"तुम्ही उद्या आला असतात तर सरांना कळलं नसतं," ती म्हणाली.

बस आली आणि मी तिला आधी चढू दिलं.